रांझीच्या अंगणातली नाव

मी आणि बाबा जबलपूरच्या रांझी भागात खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, कॉलेजही विचारलं नाही. त्यांनी बाबांच्या खांद्यावरच्या गमछ्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि चोळून पाहिलं.

"सुती आहे?"

"हो जी," बाबा म्हणाले.

"फाटला की फेकू नका. मले द्या."

पाणी किती वाजता येतं, रात्री फाटक कोण लावतं, असे प्रश्न बाबांनी बालाघाटहून येताना बसमध्ये ठरवून ठेवले होते. ते सगळे विसरून ते अंगणाकडे पाहत राहिले. मीही तिकडेच पाहत होते. जांभळाच्या झाडाखाली, विटांच्या दोन ओट्यांवर एक लाकडी नाव ठेवलेली होती. चांगली मोठी, पाच-सहा माणसं आरामात बसतील एवढी. इथून नर्मदा दूर. मधे अख्खं शहर. घराच्या मागे तोफांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांची रांग, पुढे पंक्चरवाल्याचं दुकान, आणि अंगणात नाव.

बाबा परत जाताना एवढंच म्हणाले, "माणूस भला दिसते. पण थोडासा असा आहे." 'असा' म्हणजे कसा ते त्यांनी हाताने दाखवलं, पाण्यावर काहीतरी डोलावं तसा हात हलवून.

मी त्यांना काका म्हणायचे. फॅक्टरीत लाकडी पेट्या बनवायच्या शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मूळचे ते वैनगंगेच्या काठचे. त्यांचे वडील तिथे माणसं या तीरावरून त्या तीरावर नेत. काका जबलपूरला नोकरीला आले तेव्हा वडिलांकडून एकच काम शिकून आले होते, नावेतून पाणी आत येऊ न देण्याचं. पेट्यांना त्याची गरज नव्हती. म्हणून त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतःसाठी ही नाव बांधली.

ते काम मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहून पाहिलं, तरी मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. नावेच्या फळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण त्यांच्यामध्ये फट असते. असायलाच हवी, असं काका म्हणत. त्या फटीत जुन्या सुती कपड्याच्या धाग्यांची वात घालायची. देवापुढच्या दिव्याची असते तशीच, फक्त बोटाएवढी जाड आणि हातभर लांब. ती आधी अलसीच्या, म्हणजे जवसाच्या, तेलात भिजवायची. मग धार घालवलेल्या पटाशीने आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत आत बसवायची. वरून राळ. शहरातल्या बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुकान आहे, तिथून ते पिवळट खडे आणत, लोखंडी कढईत तेलाबरोबर वितळवत आणि ओतत. बाहेरून डांबर. राळ वितळली की अख्ख्या गल्लीत जंगलाचा वास यायचा. पंक्चरवाला काम थांबवून म्हणायचा, "काका का हवन चालू हो गया।"

मोगरीचा आवाज ते कान लावून ऐकत. वात सैल असली की आवाज पोकळ येतो. भरली की तो बदलतो. ही सवय त्यांना इतकी लागली होती की ते काहीही ठोकून पाहत. दारं, टरबूज, बँकेचं काउंटर, माझी लोखंडी पेटी. एकदा त्यांनी डॉक्टरांचं टेबलही ठोकलं. डॉक्टर म्हणाले, "काका, चेकअप मेरा करना है कि आपका?"

पॉलिएस्टरशी त्यांचं वैर होतं. ते पाणी पीत नाही, म्हणजे ते कपडाच नाही. शेजारच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी ते जाता जाता चिमटीत धरून पाहत. त्यावरून गल्लीत दोनदा भांडण झालं. काकू मग जाऊन समजूत काढत, "जी, चोर नाही हो ते. त्यांले फक्त धागा पाहाले लागते."

धागे मात्र काकूच काढायच्या. दुपारी जेवणं झाली की त्या ओसरीवर बसून जुनी लुगडी, बनियन, पोत्याचे सुती तुकडे उसवायच्या आणि पोटरीवर तळहाताने वाती वळायच्या. मीही शिकले. हाताला एक लय यायची आणि मग वेळ कुठे जायचा कळायचं नाही. ऊन जांभळाच्या पानांतून नावेवर पडलेलं, काकू मधेच गुणगुणणाऱ्या, मधेच झोपलेल्या. झोपेतही त्यांचा हात पोटरीवरून फिरत राहायचा. मला कधी कधी वाटायचं, ही नाव लाकडाची नाहीच. या घरातल्या सगळ्या फाटलेल्या कपड्यांची आहे.

आणि गंमत अशी, की काकू त्या नावेत बसत नसत. अंगणात उभी असतानाही नाही.

ती गोष्ट दोघेही सांगायचे, आपापल्या परीने. लग्न होऊन काही दिवसच झाले होते. काकांनी नवी नाव नर्मदेवरच्या ग्वारीघाटला नेली, काकूंना बसवलं आणि पलीकडच्या तीराला निघाले.

"मधे जाऊन थोडंसं पाणी आलं," काका सांगत.

"घोट्यापर्यंत," काकू म्हणायच्या.

"घोट्याच्या खाली."

"माह्या घोट्याच्या का तुमच्या?"

परत आल्यावर काकूंनी ओलं लुगडं पिळलं आणि सांगितलं, मी या नावेत पुन्हा पाय ठेवणार नाही. त्यांनी ते पाळलं. काका दर उन्हाळ्यात नाव दुरुस्त करत, दर हिवाळ्यात ती ग्वारीघाटला नेत, एकटेच चालवत आणि परत आणत. टेम्पोवाल्यालाही माहीत होतं. तो विचारायचा, "आज भी काकी नहीं?"

नावेला पाणी पाजणं हा काकांचा सकाळचा कार्यक्रम. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, फळ्या आकसतात, फटी उघडतात. म्हणून नावेत आतून पाणी भरायचं आणि बाहेर जिथे ओल दिसते तिथे खडूने खूण करायची. पण उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते थोडाच वेळ. आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, ज्याला मी भैया म्हणायचे, तो टॉवेल गुंडाळून जिन्यात उभा राहायचा.

"काका, पहले नाव नहाएगी तो हम कब नहाएँगे?"

"नहा नहीं रही, पी रही है."

"तो हमको भी प्यासा समझ लो!"

काका पाईप हलवायचे नाहीत. भैया शेवटी नावेतलंच पाणी बादलीने काढून अंघोळ करायचा आणि दिवसभर अलसीच्या तेलाच्या वासात ऑफिसमध्ये बसायचा.

फॅक्टरीत तोफांची चाचणी असली की दिवसा धमाके ऐकू येतात. खिडक्या थरथरतात. रांझीत कुणी मान वर करत नाही. काका मात्र जिथे असतील तिथून उठून नावेवर हात ठेवायचे, गाय बुजली की ठेवतात तसा. धमाके संपेपर्यंत हात तिथेच. मग वाकून राळेला तडा गेला का ते पाहायचे.

मी अभ्यास नावेत बसून करायचे, पाणी नसलेल्या दिवसांत. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यास कसा करतात हे मला कुणाला विचारता येत नव्हतं. वर्गात मी तोंड उघडत नसे. हिंदी बोलताना मराठी यायची आणि घरी मराठी बोलताना हिंदी. काका एकदा पटाशी हातात घेऊन आले आणि म्हणाले, "मनात काहून वाचतेस? मोठ्याने वाच. लाकडाले ऐकू आलं पाहिजे."

"लाकडाला इतिहास कशाला काका?"

"तुले कशाले पाहिजे?"

मी मोठ्याने वाचायला लागले. ते बाहेरून ठोकत, मी आतून वाचत असे. माझा आवाज फळ्यांवरून परत माझ्याकडे यायचा आणि तो माझ्या आवाजापेक्षा बरा वाटायचा. जांभळं पडायची, पानावर डाग पडायचे. माझ्या त्या वर्षांच्या पुस्तकांत सगळीकडे जांभळे डाग आहेत.

मग माझ्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. काकूंचे गुडघे वाईट झाले होते, काकांनाही एका डोळ्याने धूसर दिसायचं. मुलाने दोघांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. जूनची तिकिटं काढली. घर भैयाकडे राहणार होतं. नाव पुण्याला जाणार नव्हती. ग्वारीघाटचा एक ओळखीचा नाववाला ती ठेवून घ्यायला तयार होता.

त्या संध्याकाळी काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, "अवो, ऐक. एकदा बसशील?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. भाजी वाढली. "कोरडी राहिली तर बसीन."

"एक थेंब नाही येणार."

"एक थेंब नाही?"

"एक नाही."

मी त्या वेळी तिथेच जेवत होते. मला वाटलं, झालं. इतकी वर्षं अडलेली गोष्ट भाकरी आणि भाजीच्या मधे सुटली. मी घरी फोन करून आईलाही सांगितलं.

मार्च-एप्रिल काका दुसरं काहीच करत नव्हते. जुन्या वाती सगळ्या उपटल्या, नव्या घातल्या. आणि ठोकल्या. एरवी आवाज भरला की ते थांबत. या वेळी थांबत नव्हते. एकावर एक, दोन-दोन वाती एका फटीत. मोगरीचा आवाज पुढे पुढे दगडावर आपटल्यासारखा यायला लागला. मी म्हटलं, "काका, आता जागाच उरली नाही."

"तेच तर पाहिजे."

माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही. त्यांना कळत होतं. वैनगंगेवरच्या लहान पोरालाही कळतं की सुकलेल्या लाकडाच्या फटी गच्च भरायच्या नसतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, त्याला फुगायला जागा लागते. वात मधे नुसती बसते, फट लाकूडच बंद करतं. हे त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं. पण त्यांनी काकूंना शब्द दिला होता.

नाव ग्वारीघाटला नेली. लाकूड पिऊन पुरतं भरावं म्हणून ती काठाजवळच्या उथळ पाण्यात दगड ठेवून बुडवतात आणि काही दिवस तशीच ठेवतात. काका याला 'झोपवणं' म्हणायचे. ते रोज सिटी बसने जाऊन काठावर बसून यायचे. एका दुपारी ते आले ते सरळ ओसरीवर बसले. पायात चिखल तसाच. काकूंनी पाणी दिलं.

"फळी उपटली," ते म्हणाले. "फुगली अन् जागा नव्हती तिले. खिळ्यांसकट उपटली."

मला वाटलं, आता काकू म्हणतील की बरंच झालं. म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त काकांचे पाय धुवायला बादली आणली.

पुढचे काही दिवस घरात मोगरी वाजली नाही. नाव टेम्पोतून परत आली होती आणि विटांवर तिरपी पडून होती, एक फळी उघडी. काका त्यांच्या खाटेवरून तिच्याकडे पाहत बसायचे. धमाके झाले तरी उठले नाहीत. भैया सकाळी सगळं पाणी मिळाल्यावरही जिन्यात थांबला. मला म्हणाला, "दीदी, अच्छा नहीं लग रहा यार। बोलो ना उनको, पाइप लगा लें।" मी बोलले नाही. मोठ्या माणसांना असं काय सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं. माझ्या परीक्षा चालू होत्या. मी नावेत बसू शकत नव्हते, म्हणून नावेजवळ जमिनीवर बसून मोठ्याने वाचायचे. बास, एवढंच करता आलं.

एका दुपारी मी वाचत असताना काकू बाहेर आल्या. हातात त्यांचं स्वतःचं एक लुगडं होतं, जुनं झालेलं पण फाटलेलं नाही. त्यांनी ते उभं फाडलं. तो आवाज ऐकून काका खाटेवर उठून बसले.

"हे तर चांगलं होतं," ते म्हणाले.

"पुण्याले कोण नेसते लुगडी? सून म्हणते गाऊन घाला." मग त्या पोटरीवर धागा ठेवून वळायला लागल्या. "या बारीले बारीक वळते. तुम्ही सैल भरा."

"सैल भरली तर पहिले झिरपन."

"झिरपू द्या."

"मग तू बसणार नाही."

काकू वळत राहिल्या. काका उठले आणि पटाशी शोधायला आत गेले.

दुसऱ्यांदा काम लवकर झालं. पण दिवस गेले होते. नाव पुन्हा पाण्यात झोपवली तेव्हा गाडीला जेमतेम दोन-तीन दिवस उरले होते, आणि लाकडाला पुरतं भरायला त्याहून जास्त लागतात. हे काकांना माहीत होतं. मला माहीत होतं. काकूंनाही माहीत असणारच.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळी गेलो. ऑटोत काकू, काका आणि मी. ओमतीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा काका ऑटोच्या लोखंडी दांडीवर बोट ठोकत होते. ऑटोवाला म्हणाला, "काका, बजाने से सिग्नल नहीं खुलता।" कुणी हसलं नाही.

ग्वारीघाटला सकाळी गर्दी असते, पण नाववाल्याने नाव जरा बाजूला, खालच्या अंगाला आणून ठेवली होती. पाणी उपसलेलं. नर्मदा त्या वेळी इतकी शांत होती की पलीकडचं तीर पाण्यात उलटं दिसत होतं. नाव ओली, काळी, नुकती झोपेतून उठल्यासारखी. मी ती फक्त अंगणात पाहिली होती. पाण्यावर ती लहान दिसत होती आणि हलत होती. ती हलते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

काकू माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि वाकून आत पाहिलं. तळाशी, दोन फळ्यांच्या मधे, पाण्याची एक बारीक रेघ चमकत होती. हळूहळू ती पसरत होती.

"हे पाणी कशाचं आहे?" त्यांनी विचारलं.

नाववाला पटकन म्हणाला, "अम्मा, अभी पानी निकाला है, बाकी रह गया होगा थोड़ा।" त्याला वाटलं तो मदत करतोय.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. इतकी वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती एका पायरीवर येऊन उभी होती. 'हो, राहिलं असेल' एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "झिरपून राहिली. अजून पुरती भरली नाही. चार-पाच दिवस लागतीन तिले." मग खाली पाहत म्हणाले, "तू नको बसू."

घाटावर कुठेतरी घंटा वाजत होती.

"त्या वेळी मी हेच विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "काय सांगितलं होतं तुम्ही?"

"नाव धुतली, त्याचं आहे म्हणून सांगितलं होतं."

"माहीत होतं नं तुम्हाले?"

"होतं."

"मले पाण्याचा राग नव्हता आला जी," काकू म्हणाल्या.

त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. पदर खोचला. एक हात माझ्या खांद्यावर, एक नाववाल्याच्या, असं करत, गुडघ्यांना शिव्या देत त्या आत उतरल्या. नाव एका बाजूला कलली. काका दोन्ही हातांनी तिचा काठ धरून पाण्यातच उभे राहिले. त्यांना वर चढायचं सुचत नव्हतं.

"या नं आता," काकू आतून म्हणाल्या. "अन् तो उपसायचा डबा द्या इकडे. हातात काहीतरी पाहिजे मले."

मी पायरीवरून पाहत राहिले. काका वल्हवत होते, फार हळू, जणू कुणी झोपलेलं असावं. काकू मधूनमधून वाकायच्या आणि डब्याने पाणी बाहेर टाकायच्या. पाण्यावर लहान लहान वर्तुळं उठायची आणि मागे राहायची. त्यांचं बोलणं अर्ध्या नदीपर्यंत ऐकू येत होतं, मग नाही. पलीकडे जाऊन त्या उतरल्याही नाहीत. नाव तिथे जरा थांबली, वळली आणि परत निघाली. माझ्या हातातल्या चपला उन्हाने तापल्या तेव्हा कुठे ती जवळ आली.

संध्याकाळी घरात सामान बांधणं चालू होतं. मुलाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांचे हात गाठी मारण्यात गुंतले होते. गाडी किती वाजता, जेवण कुठलं, सगळं विचारून झाल्यावर मुलाने विचारलं की बाबांची ती नाव शेवटी धड झाली की नाही.

काका दारात उभे होते. ते ऐकत होते.

"नाही रे," काकू गाठ आवळत म्हणाल्या. "गळते अजून. पण मी होती नं उपसाले."